मैफल नव्हे, रेकॉर्ड : ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पुन्हा ऐकताना

‘‘ही रेकॉर्ड आहे. मैफल नव्हे.’’

यवतमाळला मी ज्यांच्याकडे गाणे शिकलो, ते गुरुजी ‘कॉल ऑफ द व्हॅली’बद्दल एवढेच बोलले आणि तंबोरा जुळवायला बसले. ही गोष्ट १९७६ च्या सुमाराची. रेकॉर्ड माझ्या काकांनी मुंबईहून आणली होती. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचे, शकुंतलेत बसायचे आणि वळकटीच्या मधोमध ही बारा इंची तबकडी सांभाळायची, असा तिचा प्रवास झाला होता. ती लागली की आई हातातले निवडणे-टिपणे थांबवत असे. गुरुजींना ऐकवावी म्हणून मी मोठ्या हौसेने ती घेऊन गेलो, तर त्यांनी पहिली चार-पाच मिनिटे ऐकून तिची जात सांगितली आणि विषय संपवला.

ते वाक्य पुढे तीस वर्षे मी माझे म्हणून वापरले. शिकवणीला येणाऱ्या मुलांनी या रेकॉर्डचे नाव काढले की मी ते ऐकवत असे. त्यात एक सोय होती. वाक्य लहान होते, त्याला गुरूचा आधार होता आणि ते बोलणारा आपोआप जाणकार ठरत होता. दोन वर्षांपूर्वी काकांचे घर रिकामे करताना ती तबकडी माझ्या वाट्याला आली. कोपरे फाटलेल्या कव्हरातून काढून, एका बसणीत, मध्ये न बोलता ती दोन्ही बाजूंनी ऐकली. नंतर पुष्कळदा ऐकली. गुरुजींचे वर्णन अगदी अचूक होते, हे मला आता पटले आहे. त्या वर्णनातून त्यांनी काढलेला, आणि मी निमूट उचललेला, निष्कर्ष मात्र चुकला होता. ही मैफलीची पातळ आवृत्ती नाही. रेकॉर्ड हाच तिचा मूळ घाट आहे, आणि तिची गुणवत्ता व तिचे आकर्षण त्या घाटातच शोधावे लागते. हे कसे, ते या लेखात मांडायचे आहे.

एकाच वर्षाच्या दोन तबकड्या

‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे १९६७ चे ध्वनिमुद्रण. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहिले तिघे तेव्हा तिशीच्या आसपासचे. कंपनी एच.एम.व्ही. आणि या उपक्रमामागे त्या कंपनीचे जी. एन. जोशी, ज्यांच्याकडे पुढे यायचेच आहे. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अशी कल्पना. पहिल्या बाजूवर अहिर भैरव व नट भैरव एकत्र, मग पिलू. दुसऱ्या बाजूवर भूप, देस आणि पहाडी.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये एक तबकडी निघाली : ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’. बर्मिंगहॅमच्या मूडी ब्लूज या रॉक चमूची. तिचाही विषय एक दिवस. पहाट, सकाळ, दुपारची सुटी, दुपार, संध्याकाळ आणि रात्र. पुढे ज्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हटले गेले, त्या प्रवाहाच्या आरंभीच्या ठळक तबकड्यांत तिची गणना होते. पिंक फ्लॉइड, येस, किंग क्रिम्सन, जेनेसिस ही नावे ज्यांनी ऐकली असतील त्यांना हा प्रवाह ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगायचे तर, तीन मिनिटांचे सुटे गाणे हे एकक सोडून सबंध एल.पी. हेच एक रचनेचे एकक मानणारे आणि त्यासाठी सिंफनी, जाझ, कधी आपले राग यांकडून हवे ते घेणारे हे रॉक संगीत होय.

लंडन आणि मुंबई यांनी एकमेकांचे पाहून काही केले, असे मानायला कारण नाही. दोघांनाही एकच नवी वस्तू हाताशी आली होती, हे खरे कारण असावे. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. एल.पी.ची बाजू वीस मिनिटांच्या आसपास. चाळीस मिनिटांत काय सांगायचे, हा प्रश्न सगळ्या जगासमोर एकाच सुमारास उभा राहिला. पुष्कळांनी बारा गाणी शेजारी शेजारी लावून टाकली. काहींना मात्र या चाळीस मिनिटांना आरंभ, मध्य आणि शेवट असू शकतो असे वाटले, आणि आरंभ-मध्य-शेवट असलेली सर्वांत जुनी, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे दिवस.

मूडी ब्लूजना हा दिवस बांधायला फार सामान लागले. त्यांची गाणी वेगवेगळ्या वृत्तीची होती. ती एका सूत्रात ओवण्यासाठी पीटर नाइट यांनी वाद्यवृंदाचे तुकडे रचले आणि ते गाण्यांच्या मधल्या जागांत बसवले. म्हणजे दिवस दाखवण्याचे काम मुख्यतः शब्दांनी आणि या सांधणाऱ्या तुकड्यांनी केले. ते सांधे कुठे कुठे दिसतात. वाद्यवृंद संपला, आता गाणे आले, हे कळते. मुंबईच्या चौघांकडे शब्द नव्हते, वाद्यवृंद नव्हता. पण त्यांच्याकडे अशी एक गोष्ट होती जी लंडनमध्ये कुठल्याही किमतीला मिळाली नसती. रागांना वेळ असते.

नियमाचा आशय झाला

रागसमय हा आपल्याकडे प्रयोगाचा नियम आहे. घड्याळात जी वेळ असेल तिला साजेसा राग गायचा. इथे नेमका तो व्यवहार उलटा झाला. राग वेळेमागून येत नाही, तो वेळ घेऊन येतो. रात्री अकराला सुई ठेवली तरी पहाटच होते. गुरुजींच्या नाराजीचे एक मूळ इथे होते. रात्री अहिर भैरव ऐकणे त्यांना अवेळी जेवण्यासारखे वाटे. पण यात नियम मोडलेला नाही. नियम होता तो आता आशय झाला आहे. अहिर भैरव म्हणजे पहाट हा संकेत ऐकणाऱ्याच्या कानात आधीच रुजलेला नसता, तर ही कथा शब्दांवाचून सांगताच आली नसती. परंपरेचा असा उपयोग परंपरेवर गाढ विश्वास असल्याशिवाय करता येत नाही.

वेळेचा संकेत वापरला एवढ्यावर मी थांबलो असतो, तर ही कल्पना चतुर आहे यापलीकडे म्हणण्यासारखे काही नव्हते. पण निवडलेले सहा राग शेजारी ठेवून पाहिले तेव्हा एक आकृती दिसू लागली, आणि माझे मत तिने बदलले.

पहिली बाजू पाहा. अहिर भैरवात रिषभ कोमल, निषाद कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. त्याचे पूर्वांग भैरवाचे आणि उत्तरांग काफीच्या वळणाचे. नट भैरव त्याच्या नेमका उलट. रिषभ शुद्ध, पूर्वांग नटाचे, आणि कोमल धैवत व शुद्ध निषाद घेऊन भैरव उत्तरांगात जाऊन बसलेला. म्हणजे एका रागात भैरव खाली आहे, दुसऱ्यात वर. शुद्ध स्वरूपातला भैरव या तबकडीवर कुठेच वाजत नाही, पण त्याचे दोन अर्ध दोन रागांत वाटून ऐकू येतात. अहिर भैरवातून नट भैरवात जाताना कानाला आधी जाणवतो तो रिषभ. षड्जाला बिलगलेला कोमल रिषभ सुटतो आणि शुद्ध रिषभाची मोकळी जागा येते. खालच्या अंगाला उजाडते आणि भैरवाची ती गंभीर सावली वर सरकते. पहाटेची सकाळ होणे स्वरांच्या भाषेत याहून नेमके कसे सांगावे?

मग पिलू. पिलू हा दोन्ही गंधार, दोन्ही धैवत, दोन्ही निषाद घरात नांदवणारा राग. बाराही स्वरांना तिथे कधी ना कधी जागा मिळते. आधीच्या दोन रागांत कोमल आणि शुद्ध स्वर एकमेकांच्या जागा घेत होते. पिलूत ते एकत्र राहू लागतात. ठुमरीच्या अंगाचा हा दुपारचा राग कडक शिस्तीनंतर येतो, आणि पहिली बाजू संपते.

दुसऱ्या बाजूवर भूप येतो. पाच स्वरांचा, मध्यम आणि निषाद वर्ज्य. त्यानंतर देस, ज्याच्या आरोहात गंधार-धैवत वर्ज्य आहेत आणि मध्यम-निषाद आवश्यक. म्हणजे भूपाने जे दोन स्वर दाराबाहेर ठेवले, नेमके तेच घेऊन देस चढतो, आणि भूपाचे जे दोन आधारस्वर, गंधार आणि धैवत, ते चढताना टाळतो. शेवटी पहाडी. तिचा सांगाडा पुन्हा भूपाचेच पाच स्वर, पण मध्यम-निषादाचा सहज स्पर्श तिला चालतो. भूपात हे स्वर बैठकीला आल्यासारखे ताठ बसलेले असतात. पहाडीत ते घरच्या कपड्यांत, मंद्राकडे ओढ घेणारे, न्यासाच्या जागा बदललेले. पहाडी भूपाशी भांडत नाही आणि देसाशीही नाही. ती दोघांना आत घेते.

दोन्ही बाजूंवर तीन-तीन राग आहेत. दोन्हीकडे आधीचे दोन एकमेकांच्या विरुद्ध अंगाचे, आणि तिसरा, ठुमरी किंवा धून यांच्या कुळातला, त्या विरोधाला सामावून घेणारा. हा आराखडा कुणी कागदावर काढला होता का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. चांगल्या कलावंताचा कान कागदाच्या पुढे चालतो. आराखडा तबकडीत आहे, आणि तो ऐकू येतो.

आता या दोन बाजूंच्या मध्ये काय आहे? पिलू संपते, सुई आतल्या कड्यावर खरखरते, ऐकणारा उठतो, तबकडी उलटी करतो. दुपार संपून संध्याकाळ होते ती ऐकणाऱ्याच्या हाताने. दिवस मावळवण्याचे काम रेकॉर्डने आपल्यावर सोपवले आहे. पुढे सीडी निघाली तेव्हा ती उठाठेव गेली. शिवाय पहाडीनंतर आणखी तीन रचना जोडल्या गेल्या. त्या वाईट नाहीत, पण रात्र होऊन मेंढपाळ झोपल्यावर पुन्हा वाद्ये सुरू होतात, आणि दिवस आकार गमावून नुसती यादी होतो. ज्यांनी हे संगीत त्या रूपात किंवा मोबाइलवर ऐकले आहे, त्यांनी पहाडीनंतर थांबून पाहावे.

तीन वाद्ये, तीन अडचणी

या रेकॉर्डवरचा जुना आक्षेप असा की ती ‘गोड’ आहे आणि तिच्यात वादनाचा कस लागत नाही. कस म्हणजे तानांची गती आणि लयकारीची अवघड वळणे असे मानले, तर आक्षेप बरोबर आहे. चौघांनाही ते येत होते, आणि चौघांनीही ते बव्हंशी बाजूला ठेवले. मग त्यांनी काय केले, हे पाहायला हवे.

संतूर हे काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतले वाद्य. शंभराच्या आसपास तारा आणि त्यांच्यावर दोन हलक्या लाकडी कलमांचे आघात. मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात १९५५ मध्ये शिवकुमारांनी ते रागसंगीतासाठी वाजवले, तेव्हा जाणकारांचा प्रश्न होता : मींड कुठे आहे? प्रश्न योग्यच होता. आघाताचा स्वर जन्मतो तोच विझायला लागतो. एका स्वरातून दुसऱ्यात वाहत जाणे या वाद्याच्या स्वभावात नाही. शिवकुमारांनी तारांची जुळणी बदलली, वाद्य मांडीवर घेतले, आणि कलम तारांवर अलगद थरकवत, सरकवत स्वर लांबवण्याची रीत घडवली. तरी तुटकपणा पुरता जात नाही.

काब्रांच्या गिटारीची गोष्ट उलटी. मांडीवर आडवी ठेवलेली, तारेवर धातूची कांडी सरकवून वाजवलेली गिटार म्हणजे मींडच मींड. अली अकबर खाँसाहेबांकडे शिकलेल्या काब्रांनी तिला सरोदाच्या वळणाची भाषा दिली. पण तिचा धोका असा की सतत घसरत राहिली तर ती लगेच गुळचट होते. हवाईयन गिटारवर वाजलेली सिनेमाची गाणी ज्यांनी लग्नाच्या मांडवात ऐकली आहेत, त्यांना हा धोका सांगावा लागत नाही.

बासरीला श्वासाची मर्यादा. पन्नालाल घोष यांनी लांब बासरी मैफलीत आणली, ते १९६० मध्ये गेले, आणि हरिप्रसादांच्या पिढीला ती जागा पुढे न्यायची होती.

म्हणजे तिन्ही वाद्यांना घराण्यांच्या बैठकीत बस्तान बसवायचे होते. जुगलबंदीत कोण थोरला, कोणी आधी, कोणी कुणाच्या मागे, याचे त्यांच्यासाठी ठरलेले कायदे नव्हते. या मोकळेपणाचा त्यांनी केलेला उपयोग हे मला या रेकॉर्डचे खरे संगीतकौशल्य वाटते. त्यांनी एकमेकांच्या उणिवा वाटून घेतल्या. संतूरचा स्वर जिथे विझतो तिथे गिटार तो उचलते. गिटारीची मींड लांबू लागली की संतूरचे थेंब तिच्यावर पडतात आणि गोडवा आवरला जातो. बासरी या दोघांच्या वरून जाते, आणि श्वास घ्यायला थांबते तेव्हा खाली काहीतरी चाललेले असते. सवाल-जवाबाची चढाओढ इथे फार थोडी. एकच वाक्य तिघांनी मिळून पूर्ण केल्यासारखे वाटते.

माणिकराव पोपटकरांचा उल्लेख बहुधा शेवटी आणि एका ओळीत होतो. मीही तेच करत आलो. आता ऐकताना वाटते, या तबकडीचे जमिनीवर पाय आहेत ते त्यांच्यामुळे. ठेका स्वच्छ, भरणा मोजका, आणि आवाजाची पातळी अशी की संतूरच्या विझत्या स्वराचे शेपूट झाकले जाऊ नये. आघाताच्या वाद्याशेजारी आघाताचेच वाद्य वाजवायचे आणि तरी दाटी होऊ द्यायची नाही, हे सोपे नाही.

आणखी एक गोष्ट. शिवकुमार आणि हरिप्रसाद दोघेही त्या काळात सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत भरपूर वाजवत. कडव्यांमधल्या काही सेकंदांत जे म्हणायचे ते म्हणून बाजूला व्हायचे, मायक्रोफोनला काय आवडते ते ओळखायचे, ही शिस्त तिथली. शुद्धतावाद्यांना या संगतीने कलावंत बिघडतो असे वाटे. इथे तिने मदत केली. मैफलीत तासभर उलगडणारा राग सहा-सात मिनिटांत सांगायचा तर काय गाळायचे, हे आधी कळावे लागते. देस इथे अपुरा वाटत नाही, लहान वाटतो. या दोहोंत फरक आहे, आणि तो फरक करायला कस लागतो.

या संगीताचे चाहते म्हणून जॉर्ज हॅरिसनसारख्यांची नावे सांगण्याची पद्धत आहे. हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या ‘वंडरवॉल म्युझिक’साठी आले होते, शिवकुमार त्यात वाजवत होते, आणि बीटल्सच्या ‘द इनर लाइट’मधली बासरी हरिप्रसादांची आहे. म्हणजे दोन जगे खरोखरच एका खोलीत आली होती. पण त्या नावांनी आपल्या रेकॉर्डचे वजन वाढते असे मला वाटत नाही. पाश्चात्त्य श्रोत्यांना ती का रुचली याचे उत्तर सरळ आहे. एल.पी. हे एक सलग काव्य असू शकते, हे ते त्याच वर्षी आपल्या संगीतात शिकत होते.

वऱ्हाडातली शीळ

आता जी. एन. जोशी. त्यांचे नाव आमच्याकडे निराळ्या कारणाने घरोघर होते. मूळचे विदर्भातले जोशी विसाव्या शतकाच्या तिशीत गायक म्हणून गाजले ते मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेच्या तबकडीने. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना आरंभाला हिचेच नाव घेतात. नंतर जोशी एच.एम.व्ही.त गेले आणि कितीएक थोर गायक-वादकांना त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आणले. त्या अनुभवांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक अनेकांनी वाचले असेल.

या दोन तबकड्या मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. काकांच्या घरातल्या पेटीत त्या तशाच, एकीला एक लागून निघाल्या. एक ७८ आरपीएमची, दुसरी एल.पी. एकीत रानातून येणारी शीळ आणि ती ऐकून कावरेबावरे झालेले मन. दुसरीत खोऱ्यातून येणारी साद आणि मेंढपाळाचा दिवस. नावेसुद्धा एकमेकींची भावंडे. माणसाने माणसाला दुरून, उघड्या माळावर, शब्दांवाचून घातलेली हाक हा जोशींच्या संवेदनेचा एक धागा असावा, असा माझा तर्क आहे. हाक तीच, फक्त तिला मिळालेली जागा तीन मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर गेली. पहिल्या तबकडीत कवीचे शब्द लागले. दुसऱ्या वेळी त्यांनी शब्द काढून टाकले, कारण रागांवर त्यांचा भरवसा होता. असे पाहिले की ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही काश्मीरची किंवा मुंबईच्या स्टुडिओची एकट्याची उरत नाही. मेहकरच्या वाटेने ती आमच्याकडेही थोडी येते.

जे खटकते

कौतुक करताना दोष झाकायचे कारण नाही. पहिला दोष खुद्द काश्मीरचा. या काश्मीर-कथेत काश्मीरचे संगीत नाही. संतूर आहे, पण सूफियाना मौसिकीचे मुकाम नाहीत. राग सगळे हिंदुस्थानी बैठकीचे. ‘जंगली’, ‘कश्मीर की कली’, ‘जब जब फूल खिले’ या सिनेमांनी साठच्या दशकात जे काश्मीर देशभर दाखवले, त्याच निसर्गचित्रात हा मेंढपाळ उभा आहे. १९६५ चे युद्ध होऊन दोनच वर्षे झाली होती. त्याची सावलीही इथे नाही. थंडी, भूक, हरवलेले मेंढरू असे काहीच या दिवसात घडत नाही. आमच्या भागात उन्हाळ्यात कळप घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर ज्याने पाहिले आहेत, त्याला मेंढपाळाचा दिवस इतका सुखाचा नसतो हे माहीत असते.

दुसरा दोष या घाटाच्या यशाचा. ही रेकॉर्ड चालली आणि मग ऋतू, नद्या, प्रहर, पंचमहाभूते यांवर वाद्यसंगीताच्या मालिका निघत गेल्या. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नाव आधी आले आणि संगीत त्याच्या मागून ओढले गेले. हॉटेलात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये वाजणारी बासरी हे त्याचेच दूरचे पिल्लू. गुरुजींना ते आधीच दिसले असावे, आणि तेवढ्यापुरते ते द्रष्टे होते. पण पिलावळीचा दोष मूळ कृतीला लावायचा नसतो. सहा रागांची ती अंतर्गत बांधणी या मालिकांत मला क्वचितच सापडली.

कुणाची मैफल?

शेवटी आकर्षणाचा प्रश्न. ही रेकॉर्ड इतक्या लोकांना का आवडली? ‘सोपी म्हणून’ हे उत्तर मी तीस वर्षे दिले. आता निराळे देतो.

मैफलीचे खासगी किंवा प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण ऐकताना आपण नेहमी थोडे बाहेर असतो. तिथे कुणी ‘क्या बात है’ म्हणतो, टाळी पडते, गायक समोरच्या कुणाला ओळखून हसतो. आपण तिथे नव्हतो, हे ते ध्वनिमुद्रण सतत सांगत राहते. पुण्या-मुंबईच्या रसिकाला ते डाचत नाही, कारण पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या मैफलीला जाणार असतो. यवतमाळसारख्या गावी मोठा कलावंत यायचा तो वर्षा-दोन वर्षांतून, गणेशोत्सवात किंवा कुणाच्या हौसेने. आणि तो गायचा रात्री. सकाळचे राग प्रत्यक्ष ऐकायला रात्रभराची मैफल हवी, आणि तशा मैफली आमच्याकडे मुळात थोड्या. पुढे ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आल्यावर मोठ्या शहरांतही त्या आटत गेल्या. गुरुजींनी स्वतः अहिर भैरव मैफलीत किती वेळा ऐकला होता? मी कधी विचारले नाही. माझ्यापुरते सांगतो. पंचविशीपर्यंत एकदाही नाही. मला तो या तबकडीने ऐकवला, आणि मी तिला मैफल नव्हे म्हणून हिणवत राहिलो.

‘कॉल ऑफ द व्हॅली’त कुणी टाळी वाजवत नाही. ती कुठल्या तरी दुसऱ्या, खऱ्या, आपण हुकवलेल्या प्रसंगाची आठवण नाही. सुई टेकते तेव्हाच तो प्रसंग घडतो, दादरला घडतो तसाच यवतमाळला. ऐकणाऱ्याला आधी काही ठाऊक असावे, अशी तिची अट नाही, पण ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी तिच्या पोटात बांधणी आहे. माझी आई ‘नट भैरव’ हे नाव न ऐकता नट भैरव ओळखत होती. कुठल्या क्षणी उजाडते ते तिला कळत असे, आणि नेमकी तिथे ती हातातले सूप खाली ठेवत असे. मला ते कळायला रागाचे नाव, स्वर आणि तीस वर्षे लागली.

आमच्या घरी संध्याकाळी व्होल्टेज उतरे आणि तबकडी किंचित मंद फिरे. भूप मुंबईच्या भूपापेक्षा पाव सूर खाली वाजायचा. परवा नव्या यंत्रावर तो योग्य पट्टीत ऐकला तेव्हा क्षणभर परका वाटला. मग पहाडी आली, संपली, आणि मी सीडीवाल्यांसारखे पुढे काही न लावता उठून दिवा मालवला. गुरुजी असते तर त्यांना सांगितले असते, तुमचे खरे होते, ही रेकॉर्डच आहे. आणि पहिल्या चार-पाच मिनिटांवर न थांबता, बाजू पालटून शेवटपर्यंत ऐकण्याची विनंती केली असती.